घरकुल मंजूर झालं, पण घर पूर्ण कसं व्हायचं? धावडा परिसरात पैशाचं आणि पायाचं गणित

धावडा (ता. भोकरदन) : सोयाबीन, मका विकून झाला की कपाशीची वेचणी सुरू असतानाच गावागावांत घरांची कामं निघतात. विहिरीला पाणी असतं, हातात थोडा पैसा असतो आणि पावसाची भीती नसते. अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ असलेल्या धावडा परिसरातही घर बांधायचा खरा हंगाम हाच. या वेळी त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. एक, घरकुलाची मंजुरी एकदम मोठ्या संख्येनं आली. दुसरी, सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात मातीच्या घरांची जी दैना केली, ती बघून अनेकांनी आता पक्कंच बांधायचं ठरवलं.

घर मंजूर होणं वेगळं आणि घर पूर्ण होणं वेगळं. जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं, स्लॅब पडला पण दारं-खिडक्या नाहीत असं घर कोणत्याही गावात दिसतं. बऱ्याच वेळा त्याचं खापर सिमेंट-लोखंडाच्या भावावर फोडलं जातं. भाव वाढले हे खरंच आहे. पण घर अडकतं ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत घेतलेल्या दोन-तीन निर्णयांमुळं.

सरकारचे नेमके किती मिळतात?

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये हे अनुदान तेव्हा ठरलं. पुढं योजना २०२९ पर्यंत वाढली, देशात आणखी २ कोटी घरं मंजूर झाली, पण ही मूळ रक्कम तीच राहिली. २०१६ चा सिमेंटचा, वाळूचा आणि गवंड्याचा भाव ज्याला आठवतो, त्याला फरक सांगायची गरज नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात एकाच वेळी २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं दिली गेली आणि सुमारे १० लाख जणांच्या खात्यावर १५ हजारांचा पहिला हप्ता पडला. त्यानंतर राज्य सरकारनं आपल्याकडून ५० हजारांची वाढ जाहीर केली. मात्र या ५० हजारांतले ३५ हजार बांधकामासाठी आहेत. उरलेले १५ हजार छतावर सौर पॅनल बसवण्यासाठी आहेत, ते विटा-सिमेंटला वापरता येत नाहीत.

याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी धरलेली आहे. २०२५-२६ चा ३१२ रुपये रोज धरला तर ते २८ हजार ८० रुपये होतात. शौचालयाचे १२ हजार वेगळे, तेही आधी घेतले नसतील तरच.

आता बेरीज. १ लाख २० हजार, ३५ हजार, २८ हजार ८० आणि १२ हजार मिळून १ लाख ९५ हजार ८० रुपये. सौरचे १५ हजार धरले तर २ लाख १० हजार. ‘घरकुलाला दोन लाख दहा हजार मिळतात’ असं जे सांगितलं जातं, ते या हिशेबानं. पण हातात पैसा म्हणून मोजायचा तर १ लाख ९५ हजार. त्यातही मजुरीचे २८ हजार मिळतात ते हजेरीपत्रक वेळेवर निघालं तर. ग्रामरोजगार सेवकाकडं कामाची मागणी नोंदवली नाही आणि मस्टर निघालं नाही, तर ते पैसे बुडाले असंच समजायचं.

२६९ फूट की ५०० फूट?

योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एक खोली, स्वयंपाकाची जागा, एवढंच. इथंच पहिला मोठा निर्णय होतो. ‘एकदाच बांधायचं तर मोठं बांधू’ असं घरातले म्हणतात, भाऊबंद म्हणतात, गवंडीही म्हणतो. मग ५०० फुटांचं जोतं आखलं जातं.

उदाहरणापुरता चौरस फुटाला १,२०० रुपये खर्च धरू. काम कसं आहे त्यावर तो कमी-जास्त होईल. २६९ फुटांचं घर ३ लाख २२ हजार ८०० रुपयांना पडतं. सरकारचे १ लाख ९५ हजार वजा केले तर पदरचे १ लाख २८ हजाराच्या आसपास लागतात. हंगामाचे पैसे, घरच्यांची अंगमेहनत, एखादं जनावर विकून हे जमू शकतं.

तेच ५०० फुटांना ६ लाख लागतात. सरकारचे तेवढेच. म्हणजे पदरचे ४ लाख. ते कुठून आणायचे? बँकेचं कर्ज सहजासहजी मिळत नाही, म्हणून खासगीतून शेकडा तीननं उचलले तर महिन्याचं व्याज १२ हजार. वर्षाचे १ लाख ४४ हजार. सरकारनं घरासाठी दिलेल्या मूळ १ लाख २० हजारांपेक्षा वर्षाचं व्याजच २४ हजारांनी जास्त! घरकुल घेऊन माणूस कर्जात कसा जातो, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

यावर मार्ग आहे. जागा मोठी असली तरी आधी २६९ ते ३०० फूट पूर्ण करायचे आणि वाढवायची सोय ठेवायची. ज्या बाजूला पुढं खोली काढायची, त्या भिंतीत दाराच्या जागी आताच लिंटेल टाकून ठेवायचं, जागा विटांनी बंद करायची. दोन-चार वर्षांनी विटा काढल्या की दार तयार. पूर्ण झालेल्या छोट्या घरात माणसं राहू शकतात. अर्धवट मोठ्या घरात फक्त गवत वाढतं.

हप्त्यांचंही तसंच आहे. पुढचा हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो. जोतं, लिंटेल, घर पूर्ण, अशा टप्प्यांचे फोटो जागेच्या नोंदीसह ऑनलाईन चढले पाहिजेत. मोठं जोतं आखलं की पहिल्या १५ हजारांत ते वर येत नाही, फोटो होत नाही आणि हप्ता अडकतो. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं असतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

जागा कुणाच्या नावावर?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद, असा समज गावात पक्का आहे. तो कर आकारणीचा उतारा आहे. त्याच्यावर घरपट्टी बसते, मालकी ठरत नाही. गावठाणातल्या जागांना मालकीचा कागद मिळावा म्हणून २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर आपल्या घराची हद्द, नाव आणि क्षेत्र बरोबर लागलं का, हे पायाची कुदळ मारण्याआधी बघावं. भावकीत जागेची वाटणी तोंडीच झालेली असेल तर ती कागदावर आणावी. जोतं वर आल्यावर निघालेली तक्रार घर दोन-दोन वर्षं थांबवते.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मदत आधी ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत मिळते. गुंठा-दोन गुंठे घेताना तुकडेबंदी कायदा आडवा येतो, पण ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १ हजार चौरस फुटांपर्यंतच्या जागेला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं वाट करून दिली आहे. म्हणून नुसत्या बाँडपेपरवर पैसे देऊन मोकळं होऊ नये.

शेतात बांधणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक परवानगीसाठी वेगळे हेलपाटे लागू नयेत, अशी तरतूद जमीन महसूल संहितेत आहे. ठरलेला कर भरून ती सोय मिळते. तलाठी आणि तहसील कार्यालयात याची चौकशी करता येते. ग्रामविकास खात्यानं २०२१ मध्ये जाहीर केल्याप्रमाणं ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना खात्याकडं जावं लागत नाही. पण ग्रामपंचायतीला न कळवता बांधावं असा त्याचा अर्थ नाही. नकाशा, मालकीचा कागद द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी.

घरकुल शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असं योजनाच सांगते. हा कागदाचा भाग म्हणून सोडून देऊ नये. संकटाच्या वेळी घर कुणी परस्पर गहाण टाकू नये, यासाठी ती मोठी आडकाठी असते.

काळ्या मातीचा पाया

या पट्ट्यात डोंगराकडं मुरमाड जमीन आणि खाली नदी-नाल्यांच्या अंगाला भारी काळी. कपाशीला चांगली असलेली ही काळी माती घराला मात्र वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि घराला वर ढकलते. उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाया खाली बसतो. दरवर्षी असं खाली-वर झालं की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. लोक तिला सिमेंट भरतात, पुढच्या वर्षी ती परत उघडते.

उपाय जमिनीच्या वर नाही, खाली आहे. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं. शेजारच्या विहिरीच्या किंवा शोषखड्ड्याच्या खोदाईत मुरूम किती फुटांवर लागला, हे विचारलं तरी अंदाज येतो. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागत नसेल तर गवंड्याच्या भरवशावर राहू नये, अभियंत्याला दाखवावं. अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंधा असलेल्या पाइलचा पाया रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं फार पूर्वीच तयार केलेला आहे आणि देशभर तो वापरला जातो.

पायाबाबत आणखी चार गोष्टी पाळाव्यात. जोत्याच्या आत खोदलेली काळी मातीच परत भरू नये, मुरूमच भरावा आणि तोही सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, धुम्मस करून. जोत्याच्या पातळीवर चारही बाजूंनी सलग लोखंडी सळईचा काँक्रीट पट्टा घ्यावा. घराभोवती तीन फूट रुंदीचं, बाहेर उतार असलेलं पेव्हिंग करावं. न्हाणीचं आणि छताचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नये. या चारही गोष्टींचा खर्च एका स्टीलच्या गेटपेक्षा फार जास्त नसतो, पण बहुतेक घरांत गेट दिसतं आणि पेव्हिंग दिसत नाही.

जोत्याची उंची ठरवताना आजचा रस्ता बघू नये. गावात दर काही वर्षांनी सिमेंट रस्त्याचा नवा थर पडतो आणि घरं खाली जातात. रस्त्यापासून निदान दोन फूट वर जोतं असलं तर पुढच्या पावसाचं पाणी उंबऱ्याबाहेर राहतं.

पिलर लागतातच का?

आता एक मजली घरालाही ‘पिलरचं’ म्हटल्याशिवाय मान नाही. पण वर मजला चढवायचा नसेल तर चांगल्या विटांच्या नऊ इंची भिंतीवर स्लॅब बसतो. फक्त जोतं आणि लिंटेल या दोन्ही पातळ्यांवर सलग पट्टा हवा. पट्टा म्हणजे दोरीनं मोळी बांधावी तसं घर बांधून ठेवणं. तो तुटक ठेवला, नुसता दार-खिडकीवर टाकला, तर उपयोग नाही.

हे महत्त्वाचं का, ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंप मोठा होता, पण माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला आणि वर मातीचं जड माळवद. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणी भागात पुन्हा धक्के बसले. जालना जिल्ह्यात धोका कमी धरला जातो, पण जुन्या दगड-मातीच्या भिंतीवरच नवा स्लॅब टाकायची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती किल्लारीचा धडा विसरणारी आहे. स्लॅब टाकायचा तर भिंतीही नव्याच हव्यात.

पत्र्याचं छत करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. मे महिन्याच्या वादळात पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले जातात. वारा आला की पत्र्याबरोबर दगडही घरात येतात आणि जीव जातात. पत्रा लोखंडी पाइपाला हुकानं आणि पाइप भिंतीतल्या पट्ट्याला पक्का धरून ठेवावा. वर दगड नको.

लोखंड जालन्याचं, पण वजन कुणाचं?

जालन्याची ओळख राज्यभर लोखंडी सळईसाठी आहे. सळई जिल्ह्यातच बनते, त्यामुळं इथल्या ग्राहकाला निवड भरपूर आहे. पण सळई नगावर घेतली जाते आणि नगात वजन कमी भरतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे काट्यावर घेणं. १२ मीटरच्या पूर्ण सळईचं वजन ८ मिमीला साधारण पावणेपाच किलो, १० मिमीला ७ किलो ४०० ग्रॅम, १२ मिमीला १० किलो ६५० ग्रॅम आणि १६ मिमीला १९ किलोच्या जवळ भरायला पाहिजे. थोडाफार फरक नियमात बसतो, ८ मिमीला शेकडा ७ पर्यंत. त्याहून हलकी निघाली तर ती सळई तेवढ्या मिमीची नाहीच. सळईवर आयएसआय चिन्ह आणि कंपनीचं नाव उठवलेलं असतं. त्यावरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदाराकडून पक्कं बिल घेतलं तरच तो फरक आपल्याला मिळाला का ते समजतं. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी टाळावी.

वाळूचा विषय तर तालुक्यात रोजचाच. पूर्णा आणि केळनेच्या पात्रातून वाळू जाते आणि त्याच तालुक्यातल्या घरकुलाला वाळू मिळत नाही, ही जुनी तक्रार. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायची, असं सरकारचं धोरण आहे. एप्रिल २०२५ च्या नव्या वाळू धोरणातही घरकुलांसाठी वाटा राखून ठेवला आहे. वाहतुकीचा खर्च मात्र लाभार्थ्याचा. मंजुरीपत्राची प्रत जोडून तहसील कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी मागणीची नोंद कुठंच राहत नाही, मग ‘कुणी मागितलीच नाही’ असं म्हणायला कार्यालय मोकळं.

विकत घेतलेली वाळू मापून घ्यावी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत मोजून गुणावी आणि शंभरनं भागावं. ९ फूट लांब, ५ फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच भरलेल्या ट्रॉलीत ७९ घनफूटच वाळू असते. ती एक ब्रास म्हणून घेतली तर पाचव्या हिश्श्याचे पैसे हवेत गेले.

वाळूत माती किती, हे काचेच्या बरणीत कळतं. अर्धी बरणी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवायचं आणि तीन-चार तास तसंच ठेवायचं. वाळू खाली बसते, गाळ वर थर धरतो. १० सेंटीमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपेक्षा जाड गाळ असेल तर धुऊन घ्यावी. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रशरची कृत्रिम वाळू चालते, पण नुसता डस्ट आणि धुतलेली कृत्रिम वाळू यात फरक आहे. काँक्रीटला डस्ट नको.

स्लॅबच्या दिवशी

घरातला सगळ्यात महागडा दिवस म्हणजे स्लॅबचा. ३०० चौरस फूट, साडेचार इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सव्वातीन घनमीटरच्या आसपास काँक्रीट. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात त्याला नुसत्या स्लॅबपुरत्या २५-२६ गोण्या लागतात. सतरा-अठरा गोण्यांत ‘झाला’ म्हणून कुणी सांगत असेल तर तो फायदा नाही, तो पुढच्या गळतीचा बयाणा आहे.

सिमेंटपेक्षाही जास्त नुकसान पाणी करतं. ५० किलोच्या गोणीला २५ ते २८ लिटर पाणी पुरे. माल सरकायला सोपा जावा म्हणून मजूर बादलीवर बादली ओततात, काँक्रीट पातळ होतं आणि वाळल्यावर त्याला बारीक छिद्रं राहतात. बादली मोजून द्यायची जबाबदारी घरातल्या एकानं घ्यावी. व्हायब्रेटर भाड्यानं मिळतो, तो लावावा. सळईच्या खाली कव्हर ब्लॉक असावेत, स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी. सळई सेंट्रिंगच्या प्लेटला टेकली की पाच-सात वर्षांत ती गंजून छताचे पोपडे पडतात.

मग पाणी मारणं. नियमावलीप्रमाणं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि बाजारात जास्त मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला १० दिवस. आपल्याकडच्या उन्हात १४ दिवस धरावेत. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवलं तर कमी पाण्यात भागतं. एप्रिल-मे मध्ये टँकरवर गाव जगत असताना स्लॅब टाकला तर पाणी मारणं होत नाही, म्हणून होळीच्या आत स्लॅब उरकणं शहाणपणाचं. टेकू काढायची घाई नको. साध्या खोलीच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल किंवा बीम असेल तर १४ दिवस ठेवावेत. सेंट्रिंगवाल्याला माल दुसरीकडं न्यायचा असतो, घर मात्र आपलं असतं.

आणखी एक, वरून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणला लेखी कळवावं. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर लागतं. सळई उभी करताना तार लागून मजूर गेल्याच्या घटना नव्या नाहीत.

गवंड्याशी बोली आणि पंचायत समितीशी संपर्क

गवंड्याशी बोली विश्वासावर होते आणि भांडण मापावर. दर जोत्याच्या मापानं की स्लॅबच्या, छज्जा धरायचा की नाही, सेंट्रिंग कुणाचं, गिलावा आतून-बाहेरून दोन्ही की एकच, खोदाई कुणाकडं, हे सगळं एका वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे टप्प्यानं द्यावेत. उचल कामाच्या पुढं गेली की गवंडी दुसऱ्या कामावर गेलाच म्हणून समजा.

पंचायत समितीकडं ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो. पाया खोदल्यावर आणि स्लॅबची सळई बांधल्यावर त्याला बोलावणं हा लाभार्थ्याचा हक्क आहे. तो फक्त फोटो काढायला येतो, असं लोकांनीच ठरवून टाकलंय. आलाच आहे तर मुरूम लागला का, पट्टा सलग आहे का, हे त्याला विचारायला पैसे पडत नाहीत. आणि फोटो चढवायला, हप्ता सोडायला कुणी पैसे मागितले तर गटविकास अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक, हे दोन मार्ग आहेत.

शेवटी प्रश्न धोरणाचाही आहे. दहा वर्षांपूर्वीच्या १ लाख २० हजारांत आजचं घर होत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे, नाहीतर राज्याला वाढ द्यावी लागली नसती. मोफत वाळू वेळेवर मिळाली, मजुरीचं मस्टर निघालं आणि हप्ता टप्पा पूर्ण झाल्याबरोबर पडला, तर आहे त्याच अनुदानात बरीच घरं पूर्ण होतील. या तिन्ही गोष्टींचा जाब ग्रामसभेत विचारता येतो. किती घरकुलं मंजूर, किती जोत्यावर थांबली, किती जणांनी वाळूचा अर्ज केला आणि किती जणांना पास मिळाला, ही यादी पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, एवढी मागणी पाच-दहा लाभार्थ्यांनी मिळून केली तरी अडकलेली बरीच कामं हलतील. अधिकाऱ्यापुढं एकट्या माणसाचा अर्ज फायलीत राहतो, ग्रामसभेचा ठराव मात्र इतिवृत्तात जातो.